सासऱ्यांच्या घरी राहतो, भाडेकरार नाही. आय-७५१ ला जोडायचं काय?

गार्गी_डब्लिन

नमस्कार मंडळी. हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, ओहायोतलं, कोलंबसला लागून असलेलं. माझं माहेर विट्याचं.

लग्न नोव्हेंबर २०२२ मध्ये विट्यातच झालं. नवरा लहानपणापासून इथेच वाढलेला, सिटिझन. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून सीआर-१, म्हणजे सिटिझनच्या जोडीदाराचा व्हिसा मिळाला आणि ९ मार्च २०२४ ला मी इथे उतरले. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत आले म्हणून दहा वर्षांचं नाही, दोन वर्षांचं कंडिशनल, म्हणजे अटीचं ग्रीन कार्ड हातात पडलं. त्यावर ०३/०९/२६ असं छापलंय. बाबांना कार्डाचा फोटो पाठवला होता, ते तेव्हापासून गावभर "सप्टेंबरपर्यंत काळजी नाही" सांगत फिरताहेत. इथे महिना आधी लिहितात, म्हणजे तो मार्च आहे, हे परवा फोनवर सांगितलं तर मला शांत करायच्या ऐवजी त्यांनाच शांत करावं लागलं.

आता अट काढायचा फॉर्म, म्हणजे आय-७५१, भरायचा आहे आणि लग्न खरं आहे याचे पुरावे जोडायचे आहेत. आणि आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाहीच. घर सासऱ्यांच्या नावावर. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, सगळं त्यांच्या नावावर. नवऱ्याचं बँक खातं कॉलेजात असल्यापासूनचं, त्याच्या एकट्याचं. मी एका पाळणाघरात काम करते, पगार माझ्या खात्यात. घरात पैशांवरून कधी कुरबुर नाही, किराणा सासूबाई आणतात, त्यामुळे खातं एकत्र करावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सून सासरी राहते याचा कागद आपल्याकडे कोण करून ठेवतं हो?

भरीस भर, एप्रिलपासून त्याची नोकरी सिनसिनाटीला. सोमवारी पहाटे निघतो, गुरुवारी रात्री येतो. तिथे एका मित्राबरोबर भाड्याने राहतो. म्हणजे माझ्या नवऱ्याकडे भाडेकरार आहे, फक्त त्यावर बायकोच्या जागी केदार नावाचा मुलगा आहे! हे इमिग्रेशनवाल्यांना कळलं तर आम्ही वेगळे राहतो असं वाटेल का? की सिनसिनाटीचा विषयच काढू नये?

नवऱ्याला विचारलं की "मी बघतो". दिवाळीपासून बघतोय. सगळ्या स्कॅन केलेल्या प्रती त्याच्या लॅपटॉपवर आहेत. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं. रात्री झोप लागत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

बोका_बे_एरिया

एवढं टेन्शन कशाला? ग्रीन कार्ड संपत आलं की आय-९० भरायचा. ऑनलाइन होतो, पुरावेबिरावे कुणी मागत नाही. माझं गेल्या वर्षी तसंच झालं. चेक किंवा कार्ड, काहीही चालतं.

साताऱ्याची_अलका

बोकोबा, तुमचं दहा वर्षांचं कार्ड असणार. तुम्हाला आय-९०. हिचं दोन वर्षांचं आहे, हिला आय-७५१. हिने आय-९० भरला तर तो नाकारला जाईल, पैसे जातील आणि मुख्य म्हणजे मुदत निघून जाईल. आणि कागदी चेक आणि मनी ऑर्डर घेणं २८ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालंय. क्रेडिट कार्डाने भरायचे तर जी-१४५०, बँक खात्यातून वळते करायचे तर जी-१६५०, यातला एक फॉर्म सोबत लावायचा. फी ७५० डॉलर. पाठवायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर फी पुन्हा बघायची, आणि फॉर्मच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते तीही. जुन्या आवृत्तीवर भरलं तर पाकीट परत येतं.

गार्गी, आता तुझ्याशी. मी साताऱ्याला बँकेत कर्ज विभागात होते. नंतर चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरं लग्न करून न्यू जर्सीला आले आणि मलाही हेच दोन वर्षांचं कार्ड मिळालं. त्या काळी अर्जाच्या पावतीवर एकच वर्षाची मुदतवाढ मिळायची. आता ४८ महिने मिळते. तेव्हा पहिली गोष्ट, मार्चमध्ये कुणी तुला विमानात बसवणार नाही. अर्ज वेळेत पोचला की पावती येते, आय-७९७ म्हणतात तिला, आणि तुझं संपलेलं कार्ड अधिक ती पावती असं मिळून पुढची चार वर्षं चालतं.

वेळेत म्हणजे कधी, तर कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत. तुझे ९० दिवस ९ डिसेंबरला सुरू होतात. ८ तारखेला पोचलं तर परत पाठवतील, ९ मार्चनंतर पोचलं तर उशीर का झाला याचं पटेल असं कारण लेखी द्यावं लागेल. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात टाक आणि मोकळी हो. नाताळची गर्दी टपालालाही असते.

आता पुरावे. तू म्हणतेस काही नाही. मी कर्जाच्या फायली बघायचे तेव्हा लोक असंच म्हणायचे, आणि टेबलावर पिशवी उपडी केली की निम्मं तिथेच सापडायचं. आपण एकेक विचारू.

२०२४ चा टॅक्स जोडीने भरलाय का? मॅरीड फायलिंग जॉइंटली? भरला असेल तर आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या, संकेतस्थळावरून त्याचा ट्रान्स्क्रिप्ट काढ, फुकट मिळतो. तुझा आरोग्य विमा त्याच्या ऑफिसचा आहे का? मग दोघांची नावं असलेलं कार्ड आणि विमा कंपनीचं पत्र. त्याच्या ४०१-के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यात, वारस म्हणून तुझं नाव आहे का, ते पान छापून घे. आयुष्य विमा असेल तर तेही. गाडीच्या विम्यात चालक म्हणून तू आहेस का? फोनचा फॅमिली प्लॅन? कॉस्टको दुकानाचं घरचं कार्ड? दोघांनी मिळून कुठे गेलात त्याची तिकिटं? यातलं एकेक किरकोळ आहे, पण २०२४ च्या मार्चपासून आजपर्यंत महिन्यामहिन्याला काही ना काही दिसलं पाहिजे. लग्नाचे दोनशे फोटो नकोत. लग्न झालं हे त्यांनी व्हिसा देतानाच मान्य केलंय. आता बघायचंय ते लग्नानंतर संसार झाला का. मंगलाष्टकांच्या फोटोपेक्षा कंटाळवाणं विम्याचं पत्र जास्त कामाचं. फोटो दहाबारा पुरे, वेगवेगळ्या वेळचे, घरच्यांबरोबरचे, मागे तारीख आणि जागा लिहून.

घराचं म्हणशील तर सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र घे. घर माझं आहे, मुलगा आणि सून अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतात, भाडं घेत नाही, इतकंच. त्याला घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल जोड, म्हणजे घर खरंच त्यांचं आहे हे कळेल. मग तुम्हा दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता, त्या पत्त्यावर तुझ्या नावाने आलेली पत्रं, त्याच्या नावाने आलेली पत्रं. सासऱ्यांशी मागच्या तारखेचा भाडेकरार करायचं कुणी सुचवलं तर हात जोड. खऱ्या लग्नाला खोटा कागद लावलास तर पुढचं सगळं संशयात जाईल.

खातं आत्ता एकत्र केलंस तर ते आत्ताच केलेलं दिसेल. दिसू दे. तरीही कर, आणि त्यातून खरोखर खर्च करा. नुसते शंभर डॉलर टाकून ठेवलेलं खातं कुणालाही ओळखू येतं.

सिनसिनाटी लपवायचं तर मुळीच नाही. टॅक्सवर, पगाराच्या चिठ्ठीवर, कुठे ना कुठे तो पत्ता येणारच. एका पानाचं पत्र लिही, अर्जाच्या सगळ्यात वर लावायला. नोकरी कधीपासून, घरापासून किती लांब, तो कोणत्या दिवशी येतो-जातो, आणि कुटुंब डब्लिनलाच का राहतं. सोबत त्याच्या ऑफिसचं पत्र आणि त्या केदारबरोबरचा करारसुद्धा जोड. आपण आधी सांगितलं की ती माहिती होते, त्यांनी शोधलं की ती भानगड होते. गडी आठवड्याला घरी येतो याचं पेट्रोलच्या बिलांपेक्षा चांगलं काही असेल तर तेही लाव.

आणि "मी बघतो" बद्दल. नवरा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण कार्ड तुझं आहे, अर्जदार तू आहेस. फॉर्मवर त्याची एक सही लागते, बाकी फाइल तुझ्या हाताने लाव. त्याच्या लॅपटॉपवरचं सगळं आज रात्री तुझ्या स्वतःच्या ईमेलवर घे. पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू, लग्नाचा दाखला, टॅक्स. मी माझ्या नवऱ्याची फाइलसुद्धा स्वतः लावली होती. न्यूअर्कला मुलाखतीला बोलावलं तेव्हा साहेबाने प्रेमाबिमाचं काही विचारलं नाही. यांच्या आधीच्या घटस्फोटाचा कागद मागितला आणि गाडीच्या विम्यात माझं नाव कधी घातलं ते विचारलं. ह्यांना दोन्ही सांगता आलं नाही. मला सांगता आलं.

निनाद_ह्यूस्टन

अलकाताईंना +१. थोडी भर घालतो. प्रती जोडा, मूळ कागद पाठवू नका. पानं एका बाजूनेच छापा, स्टेपल मारू नका, प्लास्टिकचे फोल्डर नकोत, तिकडे सगळं स्कॅन होतं. सह्या दोघांच्याही हव्यात, एक राहिली तरी पाकीट परत. पाकिटाचा पत्ता राज्यानुसार आणि टपाल की कुरियर यानुसार वेगळा असतो, तो संकेतस्थळावरूनच घ्या, कुठल्या जुन्या ब्लॉगवरून नको.

अर्ज गेल्यावर निकालाला दीड-दोन वर्षं सहज लागू शकतात. मधे घर बदललं तर १० दिवसांत एआर-११ ने पत्ता कळवायचा. मुलाखत प्रत्येकाची होतेच असं नाही. कागद पटले तर ती माफ करायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे.

एक मात्र कुणी सांगत नाही. बीएमव्हीत, म्हणजे वाहन खात्यात, लायसन्सचं काम करायला जाल तेव्हा "मतदार नोंदणी करायची का?" असं विचारलं जाऊ शकतं. १९९३ च्या कायद्याने लायसन्सच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीची सोय द्यावी लागते त्यांना. तिथे नाही म्हणा, ठळक. ग्रीन कार्डवाल्याने चुकून हो म्हटलं आणि नाव लागलं तर सिटिझनशिपच्या वेळी ते फार महागात पडतं.

आता_नाव_नको

हा आयडी यासाठीच काढलाय.

गार्गी, तुझ्या घरात असं काही नाही हे दिसतंय, पण हा धागा इतर मुलीही वाचतील म्हणून लिहिते. माझं लग्न या दोन वर्षांच्या आतच मोडलं. तो शेवटपर्यंत एकच धमकी द्यायचा, "मी सही केली नाही तर तू परत पुण्याला". मला ते खरं वाटायचं. वकीलबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या की ते खरं नाही. जोडीने अर्ज करणं हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. लग्न खऱ्या मनाने केलं होतं आणि आता घटस्फोट झालाय, किंवा नवऱ्याने मारहाण, छळ केलाय, किंवा परत गेल्यास फार हाल होतील अशी परिस्थिती आहे, तर त्याच आय-७५१ फॉर्मवर एकटीने सूट मागता येते. नवरा वारला असेल तर तेही एकटीने. या अर्जांना ते ९० दिवसांचं बंधन नाही, आधीही करता येतो. छळाचं कारण असेल तर घटस्फोट झालेला असावा लागत नाही, आणि तुमच्या अर्जाची माहिती त्याला द्यायला त्या खात्याला कायद्याने मनाई आहे.

माझ्या घटस्फोटाचा निकाल अजून लागायचा होता तेव्हाच अर्ज केला. नंतर त्यांनी निकालाची प्रत मागणारं पत्र पाठवलं, तोवर ती हातात आली होती. पुरावे मात्र तेच लागले, जे अलकाताई सांगताहेत. लग्न टिकलं नाही तरी ते खरं होतं, हे दाखवायचं असतं. ज्या घरात परत जायची सोय नव्हती तिथले कागद माझ्या फोनमध्ये होते म्हणून निभावलं. जोडीने अर्ज केला आणि मधेच घटस्फोट झाला तरी तो अर्ज एकटीचा करून घेता येतो, हेही लक्षात असू द्या.

न्यू जर्सीत "मानवी" ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे उघडपणे उत्तरं देणार नाही.

गार्गी_डब्लिन

सगळ्यांचे आभार. नाव नको ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. आमच्या पाळणाघरात एक आंध्रची मुलगी आहे, तिला तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

अलकामावशी (मावशी म्हटलं तर चालेल ना?), पिशवी खरंच उपडी केली. टॅक्स जोडीने भरलाय. आरोग्य विमा त्याच्या ऑफिसचा, दोघांची नावं आहेत. ४०१-के मध्ये वारस म्हणून अजून त्याच्या आईचं नाव होतं. ते बघून सासूबाईच त्याच्यावर ओरडल्या, "लग्न झालं ना तुझं?" म्हणून. फोन, कॉस्टको आहे. मागच्या जूनमध्ये नायगाऱ्याला गेलो होतो त्या हॉटेलची पावती दोघांच्या नावाची निघाली. गाडीच्या विम्यात मी पहिल्या महिन्यापासून आहे, कारण मी ठोकेन अशी सासऱ्यांना खात्री होती.

आता दोन शंका. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये सांगलीला आहे. तेव्हा कार्ड संपलेलं असेल, नुसती पावती असेल. जाता येईल का? आणि कामावर एचआर म्हणते मार्चमध्ये नवीन कार्ड दाखव, नाहीतर कामावरून थांबवावं लागेल. नवीन कार्ड तर दोन वर्षं येणार नाही.

निनाद_ह्यूस्टन

जाता येईल. संपलेलं कार्ड आणि पावतीची मूळ प्रत, दोन्ही हातातल्या बॅगेत. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नको. येताना मुंबईच्या काउंटरवरचा मुलगा कार्डावरची तारीख बघून मान हलवेल. मी बघितलंय हे. न चिडता पावतीवरचं ४८ महिन्यांचं वाक्य बोट ठेवून दाखवायचं आणि सुपरवायझरला बोलवायला सांगायचं, त्यांना माहीत असतं. मधे युरोपात विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढायच्या आधी बघा, तिथे संपलेलं कार्ड चालेलच असं नाही. बोटांच्या ठशांची तारीख तुम्ही तिकडे असताना आली तर बदलून मागता येते, पण न कळवता चुकवू नका. आणि आईची सेवा करा, पण सहा महिन्यांच्या आत परत या. त्यापुढे सिटिझनशिपच्या हिशोबात अडचण होते.

एचआरचं चुकतंय. कामाला लागताना तुम्ही ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर ते संपलं म्हणून आय-९ ची, म्हणजे कामाच्या परवानगीच्या फॉर्मची, पुन्हा पडताळणी करायची नसते. दोन वर्षांच्या कार्डालाही हेच लागू आहे. सरकारचं एम-२७४ नावाचं मार्गदर्शक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय, तेच त्यांना पाठवा. भांडायची गरज पडणार नाही, पाळणाघराच्या एचआरने ते उघडून पाहिलं नसेल एवढंच.

पुढचं आत्ताच लिहून ठेवा: सिटिझन नवऱ्याबरोबर संसार करत ग्रीन कार्डाची तीन वर्षं झाली की एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज. तो ९० दिवस आधी भरता येतो, पण नवऱ्याबरोबर एकत्र राहण्याची तीन वर्षं भरायच्या दिवशीच पूर्ण झालेली लागतात. म्हणजे तुम्ही दोघं इथे आल्यापासूनच एकत्र राहत असाल तर तुमच्या बाबतीत ९ मार्च २०२७ पासून. तोवर आय-७५१ चा निकाल लागला नसेल तरी भरता येतो, बऱ्याचदा दोन्हीची मुलाखत एकत्रच घेतात. फक्त त्या तीन वर्षांत दोघं एकत्र राहत होतात हे तिथेही बघतात, म्हणून सिनसिनाटीच्या कागदांची फाइल बंद करू नका.

बोका_बे_एरिया

माझा आधीचा प्रतिसाद कुणी वाचू नका. संपादनाची मुदत संपली, नाहीतर उडवला असता.

गार्गी_डब्लिन

बोका, असू दे, त्यामुळे तर मावशी एवढं सविस्तर बोलल्या.

शेवटचं विचारते. सासऱ्यांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. मराठीत, तीन पानी. पहिल्या पानावर ते १९८८ ला कसे आले, दुसऱ्यावर घर कसं बांधलं, मी तिसऱ्या पानावर येते. भाषांतर करून लावू का? नवरा म्हणतो मीच करतो भाषांतर. आणि लग्नाचा दाखला नगरपरिषदेचा, त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहे.

साताऱ्याची_अलका

मावशी चालेल.

दाखल्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीतही असेल तर तसाच लाव. शिक्क्यातलं काही फक्त मराठीत असेल तर तेवढ्याचं भाषांतर. भाषांतर कुणीही करू शकतं ज्याला दोन्ही भाषा येतात, नोटरी लागत नाही. फक्त खाली त्याने लिहून द्यायचं की भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, मग सही, नाव, पत्ता, तारीख. नवऱ्याकडून करून घेऊ नकोस, तो या अर्जातला पक्षकार आहे. केदारला येत असेल मराठी तर त्याला लाव कामाला.

सासऱ्यांना म्हणावं, तीन पानं छान आहेत, पण अर्ध्या पानात आणि इंग्रजीत द्या. त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव, तुमच्याशी नातं, आणि तुम्ही दोघं त्यांच्या घरात कधीपासून राहता हे त्यांना कसं माहीत. मुलगा सोमवार ते गुरुवार सिनसिनाटीला असतो हे वाक्यही हवंच, म्हणजे तुझ्या पत्राशी जुळेल. अशी प्रतिज्ञापत्रं किमान दोन लागतात. दुसरं घरच्यांचं नको, तू आल्यापासून दोघांना ओळखणाऱ्या शेजाऱ्याचं किंवा मंडळातल्या कुणाचं घे. ते चांगलं इंग्रजी लिहितात की नाही याने काही बिघडत नाही, त्यांनी स्वतः पाहिलेलं लिहावं. दोघांची भाषा सारखी आली तर एकानेच लिहून दिल्यासारखं दिसतं, तेव्हा मजकूर तू सांगू नकोस.